नळ कोरडा, निरोपही नाही? पाणी बंद झाल्याची माहिती कोणी आणि कशी द्यायची, जाणून घ्या

सकाळी नळ सोडला की नुसती हवा येते. पंप बिघडला, वीज गेली की पाइप फुटला, काहीच कळत नाही. टँकर मागवायचा की तासभर थांबायचे, हे मग अंदाजाने ठरते. पाणीपुरवठ्यातला बिघाड प्रत्येक वेळी टाळता येत नाही. त्याची वेळेवर माहिती देणे मात्र नक्कीच शक्य असते.

वरसेत विचारायचे कोणाला?

वरसे रोहा शहराला लागून असले तरी इथला कारभार ग्रामपंचायतीचा आहे. शहरात रोहा अष्टमी नगरपरिषद, तर धाटाव औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी. त्यामुळे ‘रोह्यात उद्या पाणी नाही’ हा फॉरवर्ड वरसेच्या नळाला लागू असेलच असे नाही. सूचना कोणाची आणि कोणत्या भागासाठी, हे आधी पाहावे. पहिली चौकशी ग्रामपंचायतीत करावी.

नदीला पाणी, मग नळ कोरडा का?

भिरा प्रकल्पात वीजनिर्मितीनंतर सोडलेले मुळशी धरणाचे पाणी कुंडलिकेत येते. त्यामुळे उन्हाळ्यातही नदी वाहते. पण नदीवरच्या योजनेत पाणी जॅकवेल, पंप, शुद्धीकरण, जलकुंभ असे टप्पे पार करून घरी पोहोचते. यातला एक टप्पा थांबला तरी नळ कोरडा पडतो. पावसाळ्यात गढूळपणा वाढला की शुद्धीकरणाला जास्त वेळ लागतो. वीज परत आली तरी आधी रिकामा जलकुंभ भरावा लागतो. म्हणून ‘लाइट आली, मग पाणी का नाही?’ याचे उत्तर बहुतेक वेळा टाकीत असते.

व्हॉट्सॲप ग्रुप पुरेसा आहे?

नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्यातल्या अनेक गावांत वीज आणि मोबाइल नेटवर्क एकदमच गेले. पंप बंद आणि फोनही बंद. अशा वेळी दवंडी, घंटागाडीवरचा भोंगा आणि चौकातला फळाच उपयोगी पडतो.

दुसरा धडा कर्नाटकातला. तिथे ‘नेक्स्टड्रॉप’ने आधी हुबळी-धारवाडमध्ये आणि पुढे बेंगळुरूत पाणी कधी येणार याचे एसएमएस पाठवले. व्हॉल्व्ह सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने कळवायचे आणि त्यावरून घरोघरी मेसेज जायचा. बेंगळुरूतील सेवेचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांचा पाण्यासाठी थांबण्याचा वेळ फारसा कमी झाला नव्हता. व्हॉल्व्हमनकडून अचूक निरोप वेळेवर येत नव्हते, हे त्याचे एक मोठे कारण होते. थोडक्यात, ॲप कितीही चांगले असले तरी पंपावरच्या माणसाने पहिला फोन करायलाच हवा. ते काम कोणाचे, हे ठरवून द्यावे लागते.

कायदा काय सांगतो?

माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार सरकारी यंत्रणांनी लोकांच्या उपयोगाची माहिती अर्जाची वाट न पाहता, स्थानिक भाषेत द्यायची आहे. सूचना फलक आणि जाहीर घोषणा या माध्यमांचा उल्लेख त्या कलमातच आहे. ग्रामसभेत नागरिक हा विषय मांडू शकतात.

चांगल्या सूचनेत काय हवे?

• कोणता भाग, कोणती वाडी
• कारण, एका वाक्यात
• पाणी पुन्हा येण्याची अंदाजे वेळ
• पुढची माहिती किती वाजता मिळेल
• टँकर येणार असल्यास ठिकाण आणि वेळ
• सूचनेची तारीख, वेळ आणि देणाऱ्याचे पद

यात चौथा मुद्दा सर्वात महत्त्वाचा. दुरुस्तीची वेळ सांगता येत नसेल, तरी ‘संध्याकाळी ५ वाजता पुन्हा कळवू’ एवढे सांगता येते. आणि ५ वाजता ते कळवावे लागते, काम अर्धवट असले तरीही.

पाणी परत आल्यावर?

रिकाम्या पाइपमध्ये गळतीच्या जागेतून बाहेरचे घाण पाणी शिरू शकते. म्हणून सुरुवातीचे गढूळ पाणी पिण्यासाठी भरू नये. ते झाडांना किंवा फरशी धुण्यासाठी वापरावे. पिण्याचे पाणी उकळून घ्यावे. रंग किंवा वास वेगळा वाटला तर ग्रामपंचायतीला लगेच कळवावे. गळती नेमकी कुठे आहे, हे शोधायला अशा तक्रारींची मदत होते.