अलास्कात शिकारीला कोणती रायफल?

नवे शिकारी आधी मोठ्यात मोठ्या कॅलिबरच्या मागे लागतात. माझं स्पष्ट मत, मूसपासून तपकिरी अस्वलापर्यंत .३०-०६ पुरते. १९०६ साली अमेरिकी लष्करासाठी आलेलं हे काडतूस आजही सहज मिळतं, आणि आडरानात जाणाऱ्याला ही फार मोलाची गोष्ट. .३७५ एच अँड एच जास्त ताकदवान आहेच, पण तिच्या दणक्याला खांदा बिचकला की नेम गेलाच.

खरं लक्ष द्यावं ते गोळीकडे. अस्वलाचा खांदा म्हणजे जाड हाड आणि घट्ट स्नायू. पटकन फुटणारी हलकी गोळी तिथे वरच विखुरते. १८० ते २२० ग्रेनची बाँडेड, किंवा थोडी हलकी असली तरी अखंड तांब्याची गोळी खोल जाते.

शिकार करायची नसेल, फक्त भटकायचं असेल, तर मी बेअर स्प्रेच सुचवेन. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अलास्कातल्या अभ्यासात स्प्रेने तपकिरी अस्वलांना ९२ टक्के वेळा रोखलं होतं. धावत येणाऱ्या अस्वलावर गोळीचा नेम धरणं अनुभवी माणसालाही जड जातं. स्प्रे विमानात चेक-इन सामानातही चालत नाही, त्यामुळे तिथे उतरल्यावरच विकत घ्या.

आणि जीव वाचवताना अस्वल मारावं लागलंच, तर कातडं नि कवटी राज्याच्या स्वाधीन करावी लागते, १५ दिवसांत लेखी अहवालही द्यावा लागतो.

स्प्रे सॅकमध्ये ठेवू नका, कमरेला लावा. आणि निघण्याआधी तो झटकन काढायचा सराव नक्की करा.