माशांनाही उवा होतात
माण, आटपाडी, जत भागात शेततळ्यात कटला-रोहू सोडलेत ना? मासे कडेला अंग घासतायत, उड्या मारतायत, खात नाहीत, असं दिसलं तर एक मासा धरून बघा. अंगावर मसुराएवढा चपटा, सरकणारा किडा दिसेल. ही माशांची ऊ, आरग्युलस. ती रक्त पिते, जखमेत बुरशी शिरते, माशाचं वजन घटतं आणि गटाचे पैसे बुडतात.

ती टणक वस्तूंवर अंडी घालते. म्हणून तळ्यात बांबू उभे करा, दर आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवा. बोटुकली सोडण्याआधी 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम मीठ विरघळवून 2 मिनिटं बुडवा. तडफडली तर लगेच काढा. पिकावरचं कीटकनाशक तळ्यात ओतू नका. आधी मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.