गोळीच्या आधीचं रक्त

सकाळी ६.५०

लॅबचं कुलूप उघडलं की पर्स ठेवायच्या आधी मी फ्रीझरचा आकडा बघते. उणे ७९. ठीक. रात्री काही बिघडलं असतं तर मोबाइलवर अलार्म वाजला असता, हे माहीत असूनही बघते. आत चार वर्षांचं लोकांचं रक्त आहे. ते एकदा वितळलं तर पुन्हा गोठवून काही उपयोग नाही.

मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या न्यूरोलॉजी विभागात मी संशोधनाचं काम करते. पार्किन्सन्स म्हणजे आपला कंपवात, आणि त्याच्यासारखे दिसणारे पण त्याहून वेगळे आजार असलेल्या माणसांचं रक्त घ्यायचं, प्लाझ्मा वेगळा करायचा, गोठवायचा आणि पुरेशी सॅम्पलं साठली की त्यातली प्रथिनं मोजायची. लोकांना वाटतं, खरं काम मोजायचं. मला विचाराल तर खरं काम आठ ते साडेनऊ या दीड तासात होतं.

७.३०

पहिले काका आले. सून एका बाजूने धरून, दुसऱ्या हातात थर्मास. काल फोनवर सांगितलं होतं की सकाळची सिंडोपा घेऊ नका, कारण रक्त गोळीच्या आधीचं हवं आहे. रात्रीची गोळी उतरलेली, त्यामुळे चेहरा थिजलेला आणि दारातून आत यायलाच मिनिटभर लागलं. माझ्यामुळे या माणसाची गोळी लांबते आहे, हे डोक्यात ठेवूनच पुढचं सगळं करायचं असतं.

संमतिपत्रावर सही. पहिलं अक्षर ठळक, मग प्रत्येक अक्षर आधीच्यापेक्षा बारीक, आडनाव तर मुंग्यांच्या रांगेसारखं. "पूर्वी बँकेत होतो हो ताई," काका पुटपुटले, "माझ्या सहीवर चेक पास व्हायचे."

वजन घेतलं, किडनीचा ताजा रिपोर्ट फॉर्मला जोडला, इतर औषधं विचारली. सून जरा चाचरत म्हणाली, "गावाहून खाजकुहिलीची पावडर आणलीय." तेही लिहिलं. खाजकुहिलीच्या बियांत लेव्होडोपा असतं, सिंडोपातलंच औषध; म्हणजे गोळी बंद असली तरी औषध पोटात असू शकतं. रागावायचं नाही, लिहायचं. रागावलं की पुढच्या वेळी कोणी सांगत नाही.

८.००

थरथरत्या हातातून रक्त कसं काढता, असं सगळे विचारतात. हा कंप हात नुसता पडून असला की जास्त असतो, कामाला लावला की कमी होतो. म्हणून मी हात दाबून धरत नाही, मुठीत रबरी चेंडू देते. काकांनी चेंडू धरला, अंगठा शांत झाला, सुई गेली. पट्टा मिनिटाच्या आत सोडला. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबा भरल्या, प्रत्येक आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी केली. वेळ लिहिली: ८.०७.

"काका, घ्या आता गोळी."

"रक्तात काय निघेल?"

हा प्रश्न रोज येतो. "आज काही निघणार नाही. हे संशोधनासाठी आहे, याचा रिपोर्ट येत नाही." हे वाक्य गुळमुळीत म्हटलं की माणूस महिनाभर रिपोर्टची वाट बघत बसतो. म्हणून स्पष्ट म्हणते.

८.३५

सेंट्रिफ्यूज. दहा मिनिटं. खाली लाल, मध्ये पांढुरकी रेघ, वर पिवळसर प्लाझ्मा. पाचव्या ट्यूबमधला, एका आजींचा, प्लाझ्मा गुलाबी निघाला. शीर नीट मिळत नव्हती, मी जोराने ओढलं, तांबड्या पेशी फुटल्या. चूक माझीच.

गुलाबी रंग एवढा का नडतो? पार्किन्सन्समध्ये मेंदूच्या पेशींत अल्फा-सिन्युक्लीन नावाचं प्रथिन चुकीच्या घडीत साठतं, हे १९९७ साली कळलं. मग सगळे रक्तात ते शोधायला लागले. पण रक्तातलं नव्याण्णव टक्क्यांहून जास्त अल्फा-सिन्युक्लीन तांबड्या पेशींतच असतं आणि ते मेंदूतून आलेलं नसतं. चार पेशी फुटल्या की आकडा वर. माझ्या हाताचा जोर रुग्णाचा आजार म्हणून नोंदला जाईल. ट्यूबवर शेरा मारला, बाजूला ठेवली. आजींना पुन्हा सुई टोचायची नाही, पुढच्या भेटीत बघू.

उरलेला प्लाझ्मा अर्धा-अर्धा मिलिलिटर छोट्या कुप्यांत. खालच्या पेशींना पिपेटचं टोक लागू द्यायचं नाही, म्हणून तळाचा थोडा सोडून द्यायचा. ९.२० ला सगळं फ्रीझरमध्ये.

१०.००

ओपीडी. मी कोपऱ्यात बसून फॉर्म भरते आणि डॉक्टर काय बघतात ते बघते.

एकोणीस वर्षांचा मुलगा, हाताला कंप, बोलणं अडखळतं. डॉक्टरांनी त्याच्यासाठी माझी महागडी प्रथिनं मागितलीच नाहीत. सेरुलोप्लाझ्मिन, चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं, आणि बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं आहे का ते बघायला डोळ्यांचा विभाग. तांबं साठण्याचा आजार, विल्सन्स, निघाला तर औषधं आहेत, आणि वेळेवर दिली तर पोरगं सावरतं. या दालनात रक्ताची सगळ्यात मोलाची तपासणी अजून तरी हीच जुनी तपासणी आहे.

मग एक मावशी. वर्षभरात चारदा मागच्या मागे पडल्या. मुलगा म्हणाला, "ताटातली आमटी सांडते, खाली बघतच नाही." डॉक्टरांनी बोट वरून खाली नेलं. मावशींचे डोळे अर्ध्यावर थांबले. गोळ्यांनी फरक नाही. पार्किन्सन्सपेक्षा त्याच्यासारख्या दिसणाऱ्या पीएसपी या आजाराचा संशय जास्त.

अशा जागी रक्ताचा उपयोग होऊ शकतो. मज्जातंतूंच्या आत सांगाड्यासारखे धागे असतात, न्यूरोफिलामेंट. तंतू तुटले की त्यांचे तुकडे रक्तात येतात. २०१७ साली लुंड आणि लंडनच्या रुग्णगटांवरच्या अभ्यासात दिसलं की पीएसपी आणि तसाच दुसरा आजार एमएसए यांच्यात या तुकड्यांचा आकडा चढलेला असतो, साध्या पार्किन्सन्समध्ये जवळपास निरोगी माणसासारखा. पण पीएसपी की एमएसए, हे तो सांगत नाही. किती झिजतंय ते सांगतो, कशाने ते नाही.

१२.४५

डबा. नवीन आलेली मुलगी विचारते, "मग पार्किन्सन्सची थेट टेस्ट नाहीच का?"

आहे, पण पाठीच्या कण्यातल्या पाण्यावर. त्यात विस्कटलेलं सिन्युक्लीन असलं तर ते चांगल्या प्रथिनालाही आपल्यासारखं करतं, विरजणासारखं. चमचाभर दही दुधाला लावलं की कळतं, ते जिवंत होतं की नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पार्किन्सन्सच्या सुमारे ८८ टक्के रुग्णांत ही टेस्ट होकारार्थी आली. त्याच वर्षी टोकियोच्या जुंतेंदो विद्यापीठातल्या गटाने रक्तातूनही असं विरजण पकडून दाखवलं. पाठीत सुई घ्यायला आमचे निम्मे रुग्ण तयार नसतात, म्हणून सगळ्यांचं लक्ष रक्ताकडे.

२.१५

आज मोजणीचा दिवस. जुन्या कुप्या बर्फावर वितळवल्या. अँटिबॉडी लावलेले चुंबकीय मणी प्रथिनाला धरतात, मग एकेक मणी एकेका सूक्ष्म खळग्यात बसतो, चमकणारे खळगे यंत्र मोजतं. आकडा पिकोग्रॅममध्ये: ग्रॅमचा लाख कोटीवा भाग.

कुप्यांवर फक्त क्रमांक. कोण कोणाचं ते मला दिसत नाही, दिसूही नये.

४.३०

एक आकडा शेजाऱ्यांच्या तिप्पट. नवीन मुलगी उडालीच, "हा नक्की पीएसपी!" मी म्हटलं, थांब, आधी त्या क्रमांकाचा बिननावाचा फॉर्म. क्रिएटिनिन वाढलेलं. किडनी थकली की न्यूरोफिलामेंट रक्तात साचतं. वय वाढलं की निरोगी माणसातही ते चढतं. अंगाने स्थूल माणसात कमी दिसतं. वजनकाटा आणि किडनीचा रिपोर्ट सकाळी उगाच मागत नाही.

तरी आकड्याची किंमत मी कमी करणार नाही. एसओडी-१ जनुकाच्या दोषामुळे होणाऱ्या एएलएस या मज्जातंतूंच्या आजारावरच्या टोफर्सेन औषधाला अमेरिकेत २०२३ साली वेगवान मंजुरी मिळाली, ती न्यूरोफिलामेंट उतरलं या आधारावर. माणसाच्या हालचालीत फरक दिसायच्या आधी तो रक्तात दिसला.

५.४०

सहीचे फॉर्म फायलीत लावायचे. बँकेतले काका आमच्याकडे तिसऱ्या वर्षी येताहेत. मागचे दोन फॉर्म काढले, आजचा शेजारी ठेवला. पहिल्या वर्षीची सही रेघेच्या बाहेर गेलेली, दुसऱ्या वर्षीची रेघेपुरती, आजची रेघेच्या निम्म्यात.

त्यांच्या कुप्या मोजायला अजून दोन-तीन महिने आहेत, आणि न्यूरोफिलामेंटचा आकडा बहुधा साधाच निघेल. पुढच्या फॉर्मवर सहीसाठी पूर्ण पान मोकळं ठेवायचं, असं चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. फ्रीझर बघितला. उणे ८०. कुलूप लावलं.