पदवी, अर्हता आणि सनद : दूरशिक्षणाने शिक्षक होण्याचा प्रश्न

वकिलाच्या अधिकारपत्रास मराठीत ‘सनद’ म्हणतात आणि वाहनचालकास ‘परवाना’ मिळतो. शिक्षकाच्या अधिकारपत्रास मात्र आपल्या भाषेत रूढ असा शब्द नाही. ही उणीव केवळ शब्दाची नव्हे. अमेरिकेतील राज्ये अध्यापनाचा परवाना स्वतंत्रपणे देतात, आणि तेथे घरी राहून संगणकाच्या साहाय्याने मिळविलेली पदव्युत्तर पदवी त्या परवान्याशी जोडलेली असू शकते. आपल्याकडे ही वस्तू एकसंध नाही. तिचे अंश निरनिराळ्या संस्थांच्या हाती आहेत. विद्यापीठ देते ती ‘पदवी’, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद ठरविते ती ‘अर्हता’, आणि महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद पुणे येथून परीक्षा घेऊन जिचा दाखला देते ती ‘पात्रता’. बोलीत अर्हता व पात्रता यांत कोणी भेद करीत नाही. सेवापुस्तकात तो करावा लागतो.

कन्नडसारख्या तालुक्यात या भेदाचे मोल विशेष जाणवते. जिल्ह्याचे शहर येथून सुमारे साठ किलोमीटर दूर. पिशोर किंवा घाटाखालील नागद येथील शाळेत नोकरी करणाऱ्यास दोन वर्षे शाळा सोडून शहरी महाविद्यालयात बसणे परवडत नाही. अशांसाठी दूरशिक्षण हाच मार्ग उरतो, आणि १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठामुळे तो मराठीतून खुला झाला.

परंतु हा मार्ग कोठवर नेतो, हे नीट पाहिले पाहिजे. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ अथवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. तेव्हा इतिहासात वा मराठीत घरी राहून केलेली एम.ए. पदवी कमी प्रतीची ठरत नाही. शिक्षणशास्त्रातील एम.ए. ही पदवीही खरीच. मात्र ती अध्यापनाची व्यावसायिक अर्हता नव्हे, बी.एड.ची जागा ती घेऊ शकत नाही. नावातील ‘शिक्षण’ या शब्दाने पुष्कळांची येथे फसगत होते. बी.एड.चे म्हणावे तर परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनुसार दूरस्थ पद्धतीने ते दोघांनाच करता येते : प्राथमिक शाळेत सेवेत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकास, आणि ज्याने नियमित वर्गात बसून अध्यापक शिक्षणाचा मान्य अभ्यासक्रम आधी पुरा केला आहे त्यास. नुकताच पदवीधर झालेला तरुण या दारातून आत येऊ शकत नाही. अट कठोर वाटते खरी. पण वर्गात उभे राहून शिकविण्याचा सराव टपालाने किंवा पडद्यावरून देता येत नाही, या जाणिवेतूनच ती आली आहे, आणि तीत तथ्य आहे.

या अटीला एक मोठा अपवाद झाला व त्याची कथा उद्बोधक आहे. शिक्षण हक्क कायद्याने अप्रशिक्षित शिक्षकांना दिलेली मुदत २०१५ मध्ये संपली होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती ३१ मार्च २०१९ पर्यंत वाढविण्यात आली. एवढ्या अवधीत देशभरातील लक्षावधी शिक्षकांना प्रशिक्षित करावयाचे, म्हणून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने प्राथमिक शिक्षण पदविका ‘स्वयम्’ या संकेतस्थळावरून, ‘स्वयंप्रभा’ या दूरदर्शन वाहिन्यांवरून व अभ्यासकेंद्रांवरील संपर्कवर्गांतून शिकविली. शिक्षक आधीच वर्गात शिकवीत असल्याने अभ्यासक्रम अठरा महिन्यांत बसविण्यात आला. पुढे हेच सहा महिने नडले. नव्या भरतीसाठी ही पदविका दोन वर्षांच्या पदविकेबरोबर धरावी काय, असा वाद उपस्थित झाला. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २०२३ रोजी जयवीर सिंह विरुद्ध उत्तराखंड राज्य या खटल्यात ‘नाही’ असे उत्तर दिले. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने खुलासा केला की, १० ऑगस्ट २०१७ रोजी जे सेवेत होते आणि ज्यांनी १ एप्रिल २०१९ पूर्वी पदविका मिळविली, त्यांच्यापुरती ती ग्राह्य आहे. एकाच अभ्यासक्रमाचे, एकाच नमुन्याचे प्रमाणपत्र धारकाच्या सेवेच्या तारखेनुसार अर्हता ठरते किंवा ठरत नाही! कागदावरील अक्षरे तीच. अर्थ मात्र कागदाबाहेर ठरतो.

अर्हतेनंतर पात्रतेचा टप्पा येतो. महाराष्ट्रात शिक्षक पात्रता परीक्षा २०१३ पासून होत आहे : पहिली ते पाचवीसाठी एक प्रश्नपत्रिका, सहावी ते आठवीसाठी दुसरी, प्रत्येकी १५० गुण, आणि खुल्या प्रवर्गास उत्तीर्ण होण्यास साठ टक्के. ही परीक्षा नवोदितांचीच, असा जुन्या शिक्षकांचा समज होता. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने तो दूर केला. निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या, पहिली ते आठवीच्या सेवेतील शिक्षकांनी दोन वर्षांच्या आत ती उत्तीर्ण व्हावी, असा आदेश झाला. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांस नोकरीपुरती सवलत आहे, बढतीपुरती नाही. म्हणजे पन्नाशी उलटल्यावर दूरशिक्षणाने पदवी वाढविणाऱ्या गुरुजींना ती पदवी बढतीच्या कामी यावी असे वाटत असेल, तर त्यांनाही आपल्या जुन्या विद्यार्थ्यांच्या शेजारच्या बाकावर बसून ही परीक्षा द्यावी लागेल.