गोधडीचे त्रिकोण : आधी शिवण, मग कात्री



अलिबाग-मुरूडकडच्या घरांतून जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या जातात. त्रिकोण सुटे कापले की तिरकी कड ताणते नि गोधडी वाकडी होते. म्हणून आम्ही सुचवतो ते असे :

दोन रंगांचे ५ इंची चौकोन सुलट बाजू आत घेऊन एकावर एक ठेवा. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत खडूने रेघ आखा. रेघेच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर शिवण घाला, मगच रेघेवर कापा. एकदम दोन दुरंगी चौकोन निघतात. इस्त्री करून ते साडेचार इंची छाटा. जोडल्यावर ४ इंच भरतील. शंभर चौकोनांना पन्नास जोड्या पुरतात.

आजीचे लुगडे पुन्हा मिळायचे नाही. तेव्हा आधी एक जोडी करून, मापून पाहावी.