ज्ञानाला अंतर आडवं येतं

आराखडे, आकडे आणि सूचना आज क्षणात जगाच्या दुसऱ्या टोकाला पोचतात. त्यामुळे कंपन्यांसाठी अंतर उरलंच नाही, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. अंतर मिटलं ते लिहून ठेवता येणाऱ्या माहितीपुरतं. कारखान्यात लागणारं बरंचसं ज्ञान कामगाराच्या हातात आणि अभियंत्याच्या नजरेत असतं. ते सोबत काम करूनच दुसऱ्याकडे जातं. अर्थशास्त्रज्ञ ॲडम जॅफे आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अमेरिकी पेटंटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या पेटंटांत जुन्या शोधांचे दाखले असतात. त्यांत आपल्याच परिसरातल्या शोधांचे दाखले अपेक्षेपेक्षा जास्त निघाले. पेटंट तर कुणालाही, कुठेही वाचता येतं. तरी त्यातलं ज्ञान आधी आसपासच झिरपतं.

हे अंतर ओलांडता येतं, पण त्याची किंमत मोजावी लागते. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. टोयोटाच्या भागीदारीत १९८४ मध्ये तो ‘नम्मी’ या नावाने पुन्हा सुरू झाला, तोही बहुतांशी जुन्याच कामगारांना घेऊन. टोयोटाने नुसत्या पुस्तिका पाठवल्या नाहीत. शेकडो जणांना जपानमधल्या कारखान्यात नेलं आणि जपानी प्रशिक्षक फ्रीमाँटला आणले. दोष दिसताच दोरी ओढून लाइन थांबवायची, हा नियम एका ओळीत लिहिता येतो. पण लाइन थांबवणाऱ्याला कुणी दटावत नाही, उलट गटप्रमुख मदतीला धावतो, हे पाहिल्याशिवाय कामगाराला पटत नाही. थोड्याच वर्षांत हा कारखाना जनरल मोटर्सच्या उत्तम कारखान्यांत गणला जाऊ लागला.

ही इंटरनेटपूर्वीची गोष्ट झाली, असं कुणी म्हणेल. पण तैवानच्या टीएसएमसीने ॲरिझोनात चिपचा कारखाना उभारायला घेतला, तेव्हाही अमेरिकी अभियंत्यांना शिकायला तैवानला जावं लागलं. २०२३ मध्ये कुशल मनुष्यबळाअभावी उत्पादन लांबणीवर पडलं आणि तैवानहून तंत्रज्ञ बोलवावे लागले. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जी पद्धत प्रशांत महासागर ओलांडून आली, ती कॅलिफोर्नियातल्याच व्हॅन नाइजच्या कारखान्यात जनरल मोटर्सला रुजवता आली नाही; तिथे व्यवस्थापन आणि कामगार यांच्यातला अविश्वास आडवा आला. मग अंतराचं महत्त्व ते काय? एवढंच की जवळीक ही संधी असते, हमी नसते. आणि दूर असलेल्यांना ती संधीही मुद्दाम निर्माण करावी लागते.

भारतीय उद्योग आज परदेशी कंपन्यांशी तंत्रज्ञानाचे करार करत आहेत. त्यांत परवाना शुल्काइतकंच महत्त्व माणसांच्या जाण्या-येण्याला आणि लांब मुक्कामाला द्यायला हवं. तिथे केलेली काटकसर पुढे रखडलेल्या उत्पादनातून दामदुप्पट वसूल होते.