दाढ काढावी की राखावी?

धानाचा हंगाम सुरू झाला की वैनगंगेकाठच्या वडशात घरोघरची दुखणी पुढे ढकलली जातात. दाढेचे दुखणे त्यांत पहिले. लवंगेच्या तेलाचा बोळा, एखादी वेदनाशामक गोळी, की गृहस्थ पुन्हा दुकानाच्या गादीवर. मग एके दिवशी भाजलेला चणा चावताना किडलेल्या दाढेची एक भिंतच ढासळते. घरातील वडीलधारी म्हणतात, "काढून टाक, कटकट मिटेल." डॉक्टर मात्र रूट कॅनाल सुचवतात.

येथे वेदना हे माप धरू नये. ठणकणारी दाढ आपोआप शांत झाली, तर ती बहुधा बरी झालेली नसते. आतील नस मृत झालेली असते आणि जंतुसंसर्ग मुळाच्या टोकाशी, हाडात, निमूटपणे वाढत असतो. नस मेली की तिथला रक्तपुरवठाही संपतो. म्हणून केवळ प्रतिजैविकाच्या गोळ्यांनी अशी दाढ सुधारत नाही. खरा प्रश्न हा, की हिरडीच्या वर निरोगी दात किती उरला आहे? कॅपला धरून राहण्यासाठी सभोवार साधारण 2 मिलिमीटर उंचीचे निकोप कडे लागते. ते असेल, मूळ उभे चिरलेले नसेल आणि भोवतीचे हाड शाबूत असेल, तर साठी उलटलेल्या माणसाचीही दाढ वाचविण्यात अर्थ आहे. मूळ चिरले असेल, तर कितीही खर्च केला तरी ती टिकत नाही.

वडसा गोंदिया-बल्लारशाह रेल्वेमार्गावर आहे. कुरखेडा, कोरचीकडील जंगलपट्ट्यातून उपचारासाठी येणाऱ्या माणसाला एका खेपेत दिवस घालवावा लागतो, आणि रूट कॅनालला पुष्कळदा दोन-तीन खेपा लागतात. पहिल्याच खेपेत ठणका थांबतो. तात्पुरते सिमेंट भरलेली दाढ घेऊन माणूस घरी परततो; रोवणी येते, लग्नसराई येते, कॅप राहून जाते. आतून पोकळ झालेली ती दाढ काही महिन्यांत उभी दुभंगते. पैसे गेले आणि दाढही गेली! ज्याला पुढील खेपा खरोखरच शक्य नाहीत, त्याने दाढ काढून घेणे अर्धवट उपचारापेक्षा शहाणपणाचे. हे आरंभीच डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे आणि खर्च विचारताना कॅप धरूनच विचारावा.

या भागात खर्ऱ्याचे व्यसन मोठे. सुपारी-तंबाखूने गालाची त्वचा ताठरली, तोंडात तीन बोटे उभी जाईनाशी झाली, की शेवटच्या दाढेपर्यंत उपकरण पोहोचतच नाही. मग वाचण्याजोगी दाढही काढावी लागते, आणि काढणेही सोपे राहत नाही.

अक्कलदाढ काढली तर सहसा तिच्या जागी काही बसवावे लागत नाही. चावण्याची मुख्य दाढ काढली, तर शेजारचे दात हळूहळू रिकाम्या जागेकडे कलतात, समोरची दाढ लांबते. ब्रिज बसविण्यासाठी शेजारचे दोन चांगले दात घासावे लागतात. इम्प्लांट म्हणजे हाडात बसविलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाडाशी त्याची पक्की सांगड बसण्यास तीन ते सहा महिने जातात. हाड कमी असल्यास तेथे जी पूड भरतात, तिच्यातील काही प्रकार गाईच्या किंवा डुकराच्या हाडापासून बनतात. कृत्रिम पर्याय उपलब्ध असतात. पण न विचारता कोणी सांगेलच असे नाही. कॅप्सूलच्या आवरणातील जिलेटिनचेही तेच.

चौविहार पाळणाऱ्यांनी तो नियम औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वीच सांगावा. दिवसातून दोनदा घेण्याचे औषध पुष्कळदा निवडता येते. रात्रीची मात्रा मनानेच गाळू नये. उपवासाच्या दिवशी दाढ काढणे टाळावे, मधुमेह असल्यास विशेषच. काढल्यानंतर पहिल्या दिवशी चूळ भरू नये आणि उकळलेले पाणी पूर्ण गार करूनच प्यावे. गरम पाण्याने गोठलेले रक्त सुटून जखम पुन्हा वाहू लागते.

मात्र जबड्याखाली सूज, ताप आणि गिळताना त्रास अशी तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर काढावी की राखावी हा विचार बाजूला ठेवून त्याच रात्री रुग्णालय गाठावे. ती सूज घशाकडे उतरून श्वास कोंडू शकते.